बिनसुळ्यांचा हत्ती

आमच्या तांगू गावातून दर थंडीत बागानच्या यात्रेला जी बस निघते, ती मी भरते. कोणाला गाडी लागते, कोण वाटेत फणस दिसला की भाव करायला उतरतं आणि सगळ्यांचा खोळंबा करतं, हे ड्रायव्हरपेक्षा मला जास्त ठाऊक. गल्लीत म्हणतात, विन यीच्या बसमध्ये साक्षात भगवंतालाही तिला विचारून बसावं लागेल. म्हणोत बापडे. बस वेळेवर पोचते ना?

गल्लीतलं आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते वार बघायचं. लग्नाची गोष्ट ज्योतिषाकडे जायच्या आधी माझ्या ओट्यावर यायची. आमच्याकडे वार आठ. बुधवारचे दोन तुकडे. दुपारच्या बाराच्या आत जन्मलेला तो बुधवारचा, सुळेवाल्या हत्तीचा. बारा वाजून गेल्यावर जन्मलेला तो राहूचा, बिनसुळ्यांच्या हत्तीचा. पगोड्याभोवती प्रत्येक वाराचा आपापला कोपरा असतो, आणि तिथल्या मूर्तीवर आपण पाणी घालायचं, वयाइतकी भांडी आणि वर एक. कोणत्या वाराचं कोणाशी पटतं हे मला तोंडपाठ. शुक्रवार आणि राहूचं तर नावच काढू नका. 'शुक्र नि राहू, घर नका पाहू.' दोघांतलं एक लवकर जातं.

मी बुधवार सकाळची. माझा नवरा तान लाइं शुक्रवारचा. लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली आणि त्याला साधी कावीळ झालेली नाही. वार पारखून केल्याचं हे फळ, असं मी ज्याला त्याला ऐकवत आले.

आता माझा मुलगा तीहा, तोही बापासारखा शुक्रवारचा. रंगूनला नोकरी करतो. आणि त्याला आवडली कोण, तर आमच्याच गल्लीच्या टोकाला मावशीकडे राहणारी, ब्लाउज शिवणारी यामोन. मी तिच्या घरी गेले, चहा घेतला, आणि विचारलं, "वार कुठला गं तुझा?"

"बुधवार," ती म्हणाली. तिच्या मावशीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, तो मला दिसला. तरी पोरगी पुढे म्हणालीच, "संध्याकाळचा. दिवेलागणीचा."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "एक तर राहूची, त्यात अक्कल नाही. सकाळ म्हणाली असती तर कोण घड्याळ घेऊन उभं होतं?" तो पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

तीहा भांडला नाही. त्याने फक्त बसमधली एक जागा यामोनच्या नावाने घेतली आणि फोनवर म्हणाला, "आई, बागानहून परत येईपर्यंत तिला बघ. मग तू जे म्हणशील ते. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही." यात्रेकरूला नाही म्हणणं पाप, म्हणून मी तिला नाही म्हटलं नाही. शेवटच्या बाकावर बसवलं, भाताचा हंडा आणि सुकट-लसणाच्या बरण्या यांच्यामध्ये. उत्तर माझं ठरलेलंच होतं. चार दिवस काढायचे आणि मुलाला कळवायचं, एवढंच.

माझी आई पंच्याऐंशीच्या घरातली. तिला आता कालचं आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं बाजारातलं भांडण शब्दाशब्दाने आठवतं. तिला मी पुढे माझ्या शेजारी बसवलं होतं. पहिल्या थांब्यावर ती उठली, डुलत डुलत मागे गेली आणि यामोनचा हात धरून तिथेच बसली. तिला 'विन, विन' म्हणायला लागली. त्या पोरीत तिला मी दिसत होते, लग्नाआधीची. ओन मे म्हणाली, "विन यी, म्हातारीने तुला बदलून टाकलं बघ." ओन मे माझ्या शेजारची, तिच्या तोंडाला झाकण नाही. सगळे हसले, मीही हसले. मनात म्हटलं, बरं झालं, फुकटची दाई मिळाली. हे मी खरंच मनात म्हटलं होतं.

बागानला पहिल्या दिवशी आम्ही धम्मयांजीला गेलो. विटांचा डोंगरच तो, आत वटवाघळांचा वास. तो बांधणारा राजा बापाला मारून गादीवर आला होता. पाप धुवायला त्याने एवढं मोठं देऊळ काढलं, आणि दोन विटांच्या मध्ये सुई गेली तर गवंड्याचा हात तोडायचा, असं सांगतात. दरवर्षी ही गोष्ट मीच सांगते. त्या दिवशी गोष्ट सांगता सांगता माझी नजर यामोनवर गेली. शिंपीणच ती, ब्लाउजच्या काठाला सुई टोचलेली.

"दे गं ती सुई," मी म्हणाले.

तिने काढून दिली. मी सगळ्यांसमोर ती दोन विटांच्या मध्ये लावून दाखवली. गेली नाही. "बघा, याला म्हणतात जोडणी," मी म्हणाले. "नाहीतर काही काही जोड्या. वरून छान दिसतात, आणि मधून सुई कशाला, अख्खा राहू शिरतो."

बायका खिदळल्या. यामोनने सुई परत घेतली, लुंगीला पुसली आणि पुन्हा काठाला टोचली. आई तिचा दंड धरून उभी होती, तिला एवढंच कळलं की सगळे हसतायत, म्हणून तीही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या सोनेरी पगोड्याला. चपला खाली ठेवून वर गेलो, फरशी अजून गार होती. माणसं आपापल्या कोपऱ्यांकडे पांगली. मी दक्षिणेला, सुळेवाल्या हत्तीपाशी. तान लाइं पगोड्याच्या पलीकडे, उत्तरेला, शुक्रवारच्या कोपऱ्यात. लग्न झाल्यापासून हे असंच. पाणी घालताना आम्ही दोघं एकमेकांना दिसत नाही, मध्ये सगळा पगोडा.

माझं पाणी घालून झालं. आईला तिच्या कोपऱ्याशी न्यायचं म्हणून शोधत निघाले, तर ती वायव्येला होती, राहूच्या कोपऱ्यात. यामोन बिनसुळ्यांच्या हत्तीसमोरच्या मूर्तीवर पाणी घालत होती आणि आई तिचं मनगट धरून ओढत होती. ओन मे आणि आमच्या दोन-तीन बायका बाजूला उभ्या होत्या.

"विन, इकडे काय करतेस? इथे पाणी घालायचं नाही," आई म्हणत होती.

"आजी, माझा हाच कोपरा."

"असला तरी नाही. मी त्या लोकांना सकाळ सांगितलीय." आईचा आवाज खणखणीत. तरुणपणी मासळीबाजार गाजवलेली बाई ती. "दुपारी झालीस तू. सुईण जेवायला बसली होती, कालवलेला भात तसाच टाकून उठली. पण ते मी तुलासुद्धा कधी कळू दिलं नाही. मुलगा शुक्रवारचा आहे, घर चांगलं आहे. असं घर पुन्हा नाही मिळणार. तू बुधवार सकाळची. चल, सुळेवाल्या हत्तीकडे चल. लग्नानंतर चुकूनसुद्धा या कोपऱ्यात यायचं नाही. कळलं?"

सुईणीचा टाकून दिलेला भात मी जन्मभर ऐकत आले होते. फक्त आई तो न्याहारीचा भात सांगायची.

माझ्या हातात रिकामं भांडं होतं. जन्मभराचं पाणी मी चुकीच्या हत्तीसमोर ओतलं होतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की ओन मे ऐकतेय.

"कोणाच्या लग्नाचं बोलतायत आजी?" ओन मेने विचारलं, आणि तिचे डोळे वळले ते थेट माझ्याकडे. ती काही दुधखुळी नाही.

यामोननेही माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा दिसत होता मला माहीत नाही, पण तिला तो वाचता आला. तिने भांडं खाली ठेवलं.

"माझ्याच," ती म्हणाली. "मी काल आजींपाशी रडले. वार आडवा येतो म्हणाले. तेव्हापासून त्या मला शिकवतायत, सकाळ सांग म्हणून."

दिवेलागणीला जन्मले हे चहाच्या टेबलावर पायावर पाय पडत असतानाही खरं सांगणारी ती पोर. तिला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि ते किती सरळ चेहऱ्याने बोलली.

"अगं बाई," ओन मे म्हणाली. "म्हणजे पोरीने म्हातारीला पढवलं. विन यी, वाचलीस गं. सून व्हायच्या आधीच ही तऱ्हा."

दुसरी म्हणाली, "गरीब दिसते हो, पण."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. आई माझ्याबद्दल बोलतेय, एवढंच. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चला, ऊन चढलं, फरशी तापेल."

यामोनने आईचा हात धरला आणि तिला पायऱ्यांकडे घेऊन गेली. बायका तिच्या मागून कुजबुजत निघाल्या. मी सगळ्यांच्या शेवटी. फरशी खरंच तापली होती, पण मला चटका बसला तो तिचा नव्हे. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही तोंड उघडत नव्हतं. लाज वाटली की माणूस सुधारतो म्हणतात. माझं तर लाजेने तोंडच शिवलं.

विहाराच्या पडवीत जेवणं झाली. तान लाइं हौदावर पाय धूत होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"आई सकाळी काय बोलली, कळलं का तुम्हाला?"

"ऐकलं. मी शेजारच्याच कोपऱ्यात होतो."

हेही मला कधी सुचलं नव्हतं. उत्तरेला लागूनच वायव्य. शुक्रवारच्या कोपऱ्याला लागूनच राहूचा.

"ते खरंय?"

"खरंय," तो पायांवर पाणी ओतत म्हणाला. "लग्नाआधीच येऊन सांगून गेली होती तुझी आई. घाबरलेली होती. म्हणाली, पोरगी दुपारची आहे, फसवायचं नाही मला, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, सकाळ सांगा."

"तुम्हाला मरायची भीती नाही वाटली?"

"वाटली. पण तू जास्त आवडली होतीस."

मी खांबाला टेकले. "आणि तीहाच्या वेळी? तेव्हा गप्प बसलात?"

"तू बोलत होतीस," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्याने पाय पुसले, आणि जरा ओशाळून म्हणाला, "दरवर्षी माझं पाणी घालून झालं की एक भांडं मी बाजूच्या कोपऱ्यात ओततो. तुझ्या नावाचं. कोणी बघत नसलं की."

मला रडायला यायला हवं होतं. आली ती लाजच, सकाळपेक्षाही जास्त. गल्लीभर ज्या दीर्घायुष्याचं श्रेय मी माझ्या पारखीला देत होते, ते हा माणूस चोरून माझ्यासाठी मागत होता. आणि कालची ती सुई. दोन विटांच्या मध्ये नव्हतीच ती जाणार, माझ्याच अंगात शिरायची होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बस निघाली. यामोन शेवटच्या बाकावर, आई तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. पुढच्या बाकांवर ओन मेचं चालूच होतं, "सुया टोचणाऱ्या पोरी, त्यांना कुठे काय टोचायचं बरोबर कळतं." दोघी-चौघी हसल्या. काल अशीच हसायची सवय मीच त्यांना लावली होती.

पगोड्याचं सोनेरी टोक खिडकीत आलं तशी मी उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव."

"मावशी, पोचायला उशीर होईल. तुम्हीच तर—"

"थांबव म्हणते ना. माझं पाणी घालायचं राहिलंय."

"सकाळी तर घातलंस," ओन मे म्हणाली.

"चुकीच्या कोपऱ्यात घातलं."

आमच्या गल्लीतलं माणूस तमाशा चुकवत नाही. मी पायऱ्या चढले तशी अर्धी बस मागोमाग उतरली. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर परत फिरले असते. सरळ वायव्येला गेले. बिनसुळ्यांचा हत्ती मूर्तीसमोर बसलेला, सोंड आत वळवलेली. त्याच्याकडे मी जन्मात धड पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी तो दुसऱ्यांचं दुर्दैव होता.

पहिलं भांडं ओतताना अर्धं पाणी माझ्याच लुंगीवर गेलं.

"विन यी, तुझा कोपरा तिकडे, दक्षिणेला," ओन मे हळूच म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"माझा हाच," मी म्हणाले. "सकाळी आई बोलली ते माझंच. मी दुपारची आहे. माझा नवरा शुक्रवारचा. आईने सकाळ सांगितली म्हणून माझं लग्न झालं. या पोरीने आईला काही पढवलेलं नाही. मला झाकायला ती खोटं बोलली, आणि मी ते चालू दिलं."

कबुतरं तेवढी घुमत होती. मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल. नाही वाटलं. वारावरून ज्यांची लग्नं मी मोडली होती त्यांच्या आयांपैकी दोघी तिथेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे मला बघवेना.

यामोन आईला धरून पायरीशी आली होती. मी तिच्यासमोर गेले.

"का केलंस तू ते?"

"लोक आजींना खोटारडी म्हणाले असते," ती म्हणाली. "आणि मला राहू म्हणतातच. तुम्हाला सवय नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. माझी मान खाली गेली ती तशीच ठेवून मी म्हणाले, "तीहाला मी आजच फोन करते. माझी काही हरकत नाही म्हणून सांगते."

मला वाटलं, आता ती वाकून नमस्कार करेल. इतकी मी अजून तीच होते.

"मावशी," यामोन म्हणाली, "तुमची हरकत आहे की नाही, ते सगळ्यांनी विचारलं. तीहाने विचारलं, माझ्या मावशीने विचारलं. माझी आहे की नाही, ते मला कोणी विचारलेलं नाही."

ओन मेने तोंडावर हात ठेवला. वार बघायच्या माझ्या त्या ओट्यावर किती पोरी येऊन बसल्या असतील, आणि एकीलाही मी हे विचारलं नव्हतं.

"मग मी विचारते," मी म्हणाले. "तुला माझ्या घरात यायचंय का?"

तिने बराच वेळ विचार केला. सगळ्यांसमोर. तेवढा वेळ मी तिथे उभी राहिले, अनवाणी, ओल्या लुंगीत. काल धम्मयांजीत ती अशीच उभी होती.

"तीहा मला आवडतो," ती शेवटी म्हणाली. "तुमचं मात्र मला बघावं लागेल. तांगूला पोचेपर्यंत बघते."

मला टोचायचं म्हणून ती हे बोलली नव्हती. मी मान डोलावली. पाणी अजून पुरं झालं नव्हतं, ते घालायला वळले, तर तान लाइं शुक्रवारच्या कोपऱ्यातून भांडं भरून घेऊन आला होता. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. त्याने ते माझ्या हातात दिलं.

बसमध्ये परत चढलो तेव्हा माझी पुढची जागा मी यामोनला दिली. ती नको म्हणाली नाही, आईला शेजारी घेऊन बसली. मी मागे जाऊन हंड्याच्या आणि बरण्यांच्या मध्ये बसले. तिथे गाडी फार उसळते, हे मला ठाऊक नव्हतं. दरवर्षी बस मी भरते, पण त्या बाकावर मी कधी बसलेच नव्हते.

अंधार पडायच्या सुमाराला पुढे आई जागी झाली आणि घाबरून तिने हाक मारली, "विन, कुठे आहेस गं?"

मी अर्धी उठले. "आले, आई," यामोन तिच्या शेजारून म्हणाली, आणि आई शांत झाली. मी सुकटाची बरणी मांडीवर घट्ट धरून खाली बसले.